आखाजीचा दगड कोणाला लागला?

लोक मला विचारतात, "तुम्ही कोणत्या वर्तमानपत्रात होता?" मी सांगतो, "दोन्ही." मग ते हसतात. त्यांना वाटते, हा माणूस नेहमीसारखा गंमत करतो आहे. माझे आयुष्यभराचे दुर्दैव हेच आहे, की मी खरे बोललो की लोकांना गंमत वाटते. गंमत केली की मात्र ती अगदी अग्रलेखात जाऊन बसते.

तर आधी हा धंदा काय असतो ते सांगतो. जळगाव, धुळे, चाळीसगाव अशा ठिकाणी काय घडले हे पुण्या-मुंबईच्या संपादकांना कळणार कसे? त्यांना काही स्वप्न पडत नाही. त्यासाठी गावोगाव एकेक बातमीदार असतो. तो दिवसा शिक्षक असतो, नाहीतर वकिलाचा कारकून, नाहीतर माझ्यासारखा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनाचा माणूस. उरलेल्या वेळात तो राष्ट्राचे डोळे आणि कान. तो बातमी लिहितो, पाकिटात घालतो आणि स्टेशनवर जाऊन मेलच्या डब्यात टाकतो. पुढे छापून येते ते वाचून त्यालाच नवीन माहिती मिळते.

मी दोन पत्रांना बातम्या पाठवी. एक पुण्याचे, जहाल. दुसरे मुंबईचे, सरकारला सांभाळून असणारे. एकाच बैठकीत, मध्ये कार्बन घालून, एकच मजकूर. वरचा कागद पुण्याला, खालचा मुंबईला. दोन्ही संपादकांना हे ठाऊक होते आणि दोघांनाही त्यात वावगे वाटत नव्हते. दूध एकाच गाईचे. कोणी विरजण लावतो, कोणी नासवतो.

एक नमुना सांगतो. जळगावात एका मोठ्या पुढाऱ्याचे व्याख्यान होते. ऐन रंगात मैदानाच्या कडेला केळ्यांची गाडी उलटली. असोद्याकडची केळी, पिवळीधमक, रस्ताभर. निम्मी सभा उठून तिकडे धावली. पुढारी थोर मनाचा. त्यानेही भाषण आवरते घेऊन दोन केळी खाल्ली. हे सगळे मी जसेच्या तसे लिहिले. पुण्यात छापून आले: व्याख्यानाने पेटलेला समुदाय रस्त्यावर उतरला. मुंबईत छापून आले: श्रोते कंटाळून निघून गेले. केळ्यांचा उल्लेख दोन्हीकडे नाही. गाडीवाल्या बिचाऱ्याने मला रस्त्यात गाठून विचारले, "भाऊ, मनी केळी कोठे गयी?" मी म्हणालो, "बाबा, एकदा लोकांनी खाल्ली, एकदा संपादकांनी."

इथवर सगळे हसण्यासारखे होते. मग मिठाच्या सत्याग्रहाचा उन्हाळा आला, आणि त्यातच आली आखाजी.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि तो आमच्याकडे बायकांचा सण. सासरी दिलेल्या लेकी माहेरी येतात. निंबाच्या फांद्यांना झोके लागतात. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस हाणून पुरुष आडवे होतात, आणि बायका गौराई घेऊन नदीवर जातात. नदीच्या दोन तीरांवर दोन गावे असली की या तीराच्या बायका एकीकडे आणि त्या तीराच्या दुसरीकडे. मग सुरू होते ती शिव्यांची आणि दगडांची लढाई. शिव्या गाण्यातून. "तुमना गावना कोंबडा बी उशिरा उठस!" इथपासून सुरुवात होते आणि शेवटच्या शिव्या दिवाळी अंकात छापण्यासारख्या नसतात. दगडही येतात, बहुतेक पाण्यात पडतात, क्वचित कोणाच्या कपाळाला टेंगूळ येते. संध्याकाळी त्याच बाया एकमेकींना हळदकुंकू लावतात. या सगळ्याला एकच नियम. खेळ चालू असता पुरुषाने नदीच्या पात्रात पाऊल टाकायचे नाही. टाकले, तर तो कोणाचाही नवरा, भाऊ, सासरा असो, दोन्ही काठांवरून त्याचा उद्धार होतो.

मी त्या वर्षी भडगावच्या बाजूला, गिरणाकाठच्या अशाच दोन गावांकडे गेलो होतो. पाचोऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे मोटर, पुढे पाय. गावांची नावे मुद्दाम सांगत नाही. दोन्हीकडे माझ्या ओळखी आहेत आणि दोन्हीकडच्या बायकांचा नेम चांगला आहे. अलीकडचे आणि पलीकडचे एवढे पुरे.

अलीकडच्या गावचे पोलीसपाटील होते दौलत पाटील. उंच, मितभाषी, डोक्याला पांढराशुभ्र रुमाल. त्यांची बायको गोदाक्का. गोदाक्काचे माहेर नदीपलीकडे, अगदी समोरच. त्यामुळे आखाजीला ती माहेरच्या काठावर उभी राहून सासरच्या गावावर दगड मारी. आणि पाटलांची बहीण काशीबाई, लांब दिलेली, ती आखाजीला माहेरी येई आणि अलीकडच्या काठावरून भावजयीवर दगड मारी. वर्षभराचा हिशेब दोघी त्या एका दुपारी चुकता करीत. पाटील मध्ये न पडता निंबाखाली बसून सुपारी कातरीत.

त्या दिवसांत मिठामुळे सरकार घाबरलेले. भडगावला एक नवा फौजदार आला होता, कोकणातला, पोरगेलासा, कायद्याचे पुस्तक पाठ. तो घोड्यावरून बंदोबस्त पाहत फिरत होता. नदीच्या वळणावर येऊन पाहतो तो काय! दोन्ही तीरांवर बायकांचे जमाव, हातात दगड, तोंडात आरडाओरडा. बिचाऱ्याने घोडा सोडला आणि सरळ पात्रात उतरला.

"अहो बायांनो! जमावबंदी आहे! पांगा!"

दोन्ही काठांवरचे हात दगडांसकट थांबले. मग पलीकडून कोणीतरी विचारले, "हाऊ कोन शे? कोना जवाई शे?" आणि दोन्ही काठ एक झाले. जन्मात एकमत न झालेल्या त्या दोन गावांच्या बाया एका सुरात त्या कोकणी पोराच्या सात पिढ्यांना आठवू लागल्या. मी निंबाखाली पोट धरून हसत होतो. पाटील हसत नव्हते. ते उभे राहिले होते.

एक दगड आला. कोणीकडून, ते धुळीत दिसले नाही. फौजदाराची टोपी उडाली आणि तो गुडघ्यांवर बसला.

पाटील नदीत उतरले.

नियम त्यांना ठाऊक होता. दोन्ही काठांवरून शिव्या सुरू झाल्या, त्यात त्यांच्या बायकोच्या आणि बहिणीच्याही असणार. ते तसेच पाण्यातून गेले, डोक्याचा रुमाल सोडला, फाडला, पोराच्या कपाळाला बांधला आणि त्याला खांद्याला धरून काठावर आणले. वर आल्यावर मला म्हणाले, "भाऊ, याले कोनी सांगं नही ना. त्याना काय दोष?"

मी हे सगळे लिहिले. आखाजी म्हणजे काय, कोण कोणत्या काठावर, कोंबड्याची शिवी, फौजदाराची टोपी, पाटलांचा रुमाल. कार्बन नवा होता, दोन्ही प्रती स्वच्छ उमटल्या. मेलच्या डब्यात पाकिटे टाकली आणि समाधानाने जिनिंगमध्ये कापूस तोलायला गेलो.

पुण्याचा मथळा होता: खानदेशी रणरागिणींनी पोलिसांना पाणी पाजले. मुंबईचा मथळा: गिरणाकाठी बेफाम जमावाचा अधिकाऱ्यावर भ्याड हल्ला. पुण्याने आखाजी वगळली होती, कारण सत्याग्रहात झोके बसत नाहीत. मुंबईनेही आखाजी वगळली होती, कारण सणात दंगा बसत नाही. गोदाक्का मात्र दोन्हीकडे होती. पुण्यात ती 'पोलीसपाटलाची तेजस्वी पत्नी' होती आणि मुंबईत 'खुद्द पोलीसपाटलाच्या घरातील स्त्री'. रुमाल कोणीच छापला नव्हता. पुण्याला फौजदाराची जखम बांधणारा माणूस नको होता, आणि मुंबईला राजनिष्ठ माणूस त्या गावात असलेला नको होता.

थोड्याच दिवसांत पाटील जळगावला माझ्याकडे आले. डोक्याला नवा रुमाल. बगलेत दोन्ही वर्तमानपत्रे. त्यांनी ती माझ्यापुढे शेजारी शेजारी पसरली.

"भाऊ, यामा दोन बाया शेतस. मना घरमा एकच शे. तुम्ही सांगा, मनी कोनती?"

मी हसलो. मग त्यांचा चेहरा पाहिला. त्यांची पाटीलकी तहकूब झाली होती. वरून हुकूम आला होता: ज्याला स्वतःची बायको आवरत नाही, तो गाव काय आवरणार?

"पण अक्का त्या दिवशी तुमच्या गावच्या नव्हत्याच! पलीकडच्या काठावर होत्या," मी म्हणालो.

"तेच मी मामलेदारसायबले सांगं," पाटील म्हणाले. "आखाजीले बाई माहेरनी ऱ्हास. ते बोलले, लग्न झालेली बाई नवऱ्याच्या गावची, कायदा तसा आहे. मी सांगं, सायेब, कायदा बठ्ठा वरीसना, आखाजी एक दिसनी." बठ्ठा म्हणजे सगळा.

"आणि फौजदार? त्याला तर तुम्ही बाहेर काढलंत!"

"त्यानी बदली व्हयी गयी."

मी त्याच बैठकीत खुलासा लिहिला. कार्बन घालून, दोघांनाही. चार ओळी. आखाजीचा खेळ होता, दगड कोणावर नेम धरून मारलेला नव्हता, पाटलांनी नदीत उतरून जखम बांधली. दोन्ही संपादकांची उत्तरे आली. पुण्याने कळवले, की साऱ्या महाराष्ट्रात खानदेशच्या भगिनींचे नाव झाले आहे. अशा वेळी तो खेळ होता असे छापणे म्हणजे त्यांचा अपमान. मुंबईने कळवले, की सरकारी अंमलदार बायकांच्या खेळात मार खातो असे छापणे म्हणजे खात्याचा अपमान. माझ्या उभ्या कारकिर्दीत या दोन पत्रांचे एकमत झालेले मी हे एकदाच पाहिले. खुलासा दोघांनीही छापला नाही.

मी जाऊन पाटलांना सांगितले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. गाव ओळखस."

तेवढे मात्र खरे नव्हते. गाव वर्तमानपत्र वाचू लागले होते. एकजण चावडीवर मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. हळूहळू गावाला त्या दिवसाची आठवण पुण्याच्या मथळ्यासारखी येऊ लागली. जे त्या दुपारी आमरस खाऊन घोरत पडले होते, ते सांगू लागले, की आम्ही घोषणा ऐकल्या. पाटील वारले तेव्हा त्यांच्या जागी दुसराच पाटील होता आणि गावात अशी समजूत होती, की दौलत पाटील सरकारचा माणूस होता, पण त्याची बायको वाघीण.

आता बघा हं. सरकारने त्यांना सरकारविरोधी म्हणून काढले आणि गावाने सरकारधार्जिणे म्हणून लक्षात ठेवले. हे गणित मी अनेक वर्षे मांडतो आहे. ते सुटत नाही. सोनगीरवरून मोटर जाते तेव्हा किल्ल्याकडे बघून माझ्या मनात येते, याच्या पायथ्याशीही कधी माझ्यासारखाच एखादा पुढे कागद घेऊन बसला असेल. त्याने काय पाहिले, काय लिहिले, आणि त्यातले काय कोणी गाळले? मुले शाळेत जो इतिहास घोकतात त्यात केळी किती ठिकाणी गळली असतील?

यंदा स्वराज्य आले. झेंडे लागले, पेढे वाटले. दोन्ही गावांनी मिळून ठरवले, की गिरणाकाठी एक शिळा उभी करायची आणि गोदाक्काचा सत्कार करायचा. समितीचे चिटणीस तिथले हेडमास्तर. सज्जन, उत्साही माणूस, बोलताना हात फार हलवतात. शिळेवरचा मजकूर त्यांनीच लिहिला: याच ठिकाणी गोदावरीबाई पाटील यांनी परकीय सत्तेवर दगड उचलला, सरकारधार्जिण्या पतीपुढेही त्या नमल्या नाहीत.

मला प्रत्यक्षदर्शी म्हणून बोलावणे आले. मी आदल्या दिवशीच गोदाक्काकडे गेलो. ती आता थकली आहे, पण आवाज तोच, नदीपार जाणारा. ओसरीवर बसवून तिने पाणी दिले आणि म्हणाली, "भाऊ, त्या दगडवरनं काय लिखेल शे ते मना नातूनी वाचीसन दाखाडं. मी कोनापुढे नमनू नही? ते तर माले कधी मोठा आवाजमा बोलनात बी नही."

"मग मास्तरांना सांगा ना."

"सांगं. ते म्हनतस, अक्का, तुमले समजत नही." तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "तुम्ही तठे व्हतात. उद्या तुम्ही सांगा. मना सत्कार ऱ्हाऊ द्या. त्यास्ना नाववरना तो डाग काढा."

मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि हात हलवले. "अहो, तुमचं म्हणणं खरंही असेल. पण वीरांगना म्हटली की तिला कोणीतरी अडवणारा लागतो. फौजदार परका, त्याचं नावही कोणाला आठवत नाही. मग अडवणार कोण? पाटलांशिवाय आहे कोण जवळ?"

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकाठी मांडव. दोन्ही गावे लोटलेली. मी उभा राहिलो आणि खरे सांगायला सुरुवात केली. आखाजी सांगितली, काठ सांगितले, आणि मग फौजदार नदीत उतरतो तिथे आलो. इथे माझ्यातला नाटक्या जागा झाला. "अहो बायांनो! जमावबंदी आहे!" हे मी त्या कोकणी हेलात म्हटले आणि मांडव असा हसला की काय सांगू! माझ्या अंगात वारे शिरले. मी घोडा झालो, टोपी झालो, कोंबडाही झालो. शेवटी पाटलांच्या रुमालाशी आलो तेव्हा लोकांचे डोळे हसून हसून पाण्याने भरले होते. त्यांनी रुमालालाही टाळ्या वाजवल्या आणि हसले. हेडमास्तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय नक्कल केलीत हो! असा विनोद पाहिजे कार्यक्रमात."

मी खाली बसलो. गोदाक्का शेजारी होती. हळूच म्हणाली, "तुम्ही बठ्ठं खरं सांगं, भाऊ. आनि बठ्ठा हसनात."

मग ती स्वतः उठली. हार तिने काढून खुर्चीवर ठेवला होता.

"दगड मना," ती म्हणाली. "नेम नणंदवर व्हता. लागना फौजदारले. आनि भोगं मना धनीनी. त्यास्ना रुमाल लिखा, नहीतर तुमना दगड उचला."

इतक्यात मांडवाच्या दुसऱ्या टोकाला काशीबाई उठली. तीही आता काठी टेकते. "खोटी बोलस! दगड मना व्हता! तुना हातमा इतला जोर कधी व्हता? मी मारा, तुनावर, आनि मना भाऊनी निस्तारं!"

"तू? तुना दगड कधी अर्धी नदी बी पार कया नही!"

"या आखाजीले ये, दखाडस!"

झाले! अलीकडच्यांचे म्हणणे, दगड आपल्या काठावरून गेला, तेव्हा शिळा आपल्याकडे. पलीकडच्यांचे म्हणणे, गोदाक्का आखाजीला माहेरची, तेव्हा शिळा आमच्याकडे. हेडमास्तर मध्ये उभे राहून दोन्ही हात हलवीत होते, आणि दोन्ही बाजूंनी त्यांचा उद्धार चालला होता. सगळ्यांनी मलाच विचारले, "भाऊ, तुम्ही तठे व्हतात. दगड कोना?" मी खरोखर आठवू लागलो. धूळ आठवली, टोपी आठवली. दगड आठवला तो हवेतलाच. कार्बनची माझी प्रत वाळवीने कधीच खाल्ली. आणि खरे सांगू का, इतकी वर्षे ही गोष्ट लोकांना करून दाखवता दाखवता, मी काय पाहिले आणि काय रंगवले, यातला बांध माझाही वाहून गेला आहे. रुमाल पांढरा होता एवढे नक्की. गोदाक्का मात्र म्हणते, तांबडा होता.

शिळा त्या दिवशी उभी राहिली नाही. ती बैलगाडीतच आहे आणि गाडी चावडीपुढे सोडलेली आहे.

मी आता बातम्या पाठवत नाही. माझ्या जागी दुसरा आहे. चार दिवसांनी दोन वर्तमानपत्रे घेऊन मी गोदाक्काकडे गेलो. आता दोन्ही राष्ट्रीयच आहेत, फक्त पक्ष वेगळे. काशीबाई अजून माहेरीच होती. दोघी एकाच सुपात दाणे निवडत होत्या. मी वाचून दाखवले. एकात होते, वीरांगनेच्या सत्कारास जनसागर लोटला, उपस्थितांचे डोळे पाणावले. दुसऱ्यात होते, सत्कारात गोंधळ, दोन गावांत हमरीतुमरी, नियोजनाचा बोजवारा. डोळे खरोखरच पाणावले होते, हसून. आणि गोंधळही झाला होता. कोणी खोटे लिहिले असे मला म्हणता येईना.

गोदाक्काने सूप खाली ठेवले. "आते सांगा, यामा पाटील कोठे शेतस?"

मी दोन्ही वर्तमानपत्रे पुन्हा वाचली. उलटून वाचली. काशीबाईने चष्मा लावून, वाचता येत नसतानाही, माझ्या खांद्यावरून पाहिले. पाटील कोठेच नव्हते.

म्हणून या अंकाच्या संपादकांना हात जोडून सांगतो. हा लेख लांबला आहे हे मला दिसते आहे. तुमची कात्री मी ओळखतो, आयुष्य तिच्याखालीच गेले. तेव्हा खुशाल कापा. केळी कापा, कोंबडा कापा, माझ्या नकला कापा. दगड कोणाचा तो वादच सगळा कापा, तो मलाही सुटलेला नाही. जागा एकाच वाक्याची उरली, तर हे ठेवा:

त्या दुपारी आखाजीचा नियम मोडून दौलत पाटील नदीत उतरले, डोक्याचा रुमाल फाडून त्यांनी एका परक्या पोराची जखम बांधली, आणि दोन्ही काठांच्या शिव्या खाल्ल्या.